दोष द्यायला बोट होती

२ मे

जुळला! तळ्यावरच्या पुलाचे दोन्ही तुकडे आज सकाळी मधोमध जुळले. शेवटचा तुकडा क्रेनने वर उचलला तेव्हा सगळं किसावा गाव धक्क्यावर उभं होतं. शाळा सोडून दिली होती. माझ्या वॉर्डातल्या दोघी बाया "सिस्टर, आत्ता येतो" म्हणून पोटं सांभाळत निघून गेल्या. तिसरीला कळा सुरू होत्या म्हणून राहिली, नाहीतर तीही गेली असती.

मी खिडकीतून पाहिलं. रडू आलं. आनंदाचंच असणार — एवढी वर्षं मागितलेला पूल. पण ते थांबेना, आणि मग वाटलं, हे नुसतं आनंदाचं नाही. दुसरं कसलं ते कळलं नाही. हात धुऊन परत तिसरीकडे गेले.

मालिमी जेवायला आला तेव्हा विचारलं, पाहिलंस का? म्हणाला, "बोट चालवत होतो. समोर बघावं लागतं." पूल त्याच्या डोक्यावरच जुळला. माझा नवराच आपल्या फेरीबोटीचा सारंग, त्या वेळी बरोबर खालून जात होता. वर बघायचं नाही म्हणजे मान किती ताठ धरली असेल.

३ मे

तिसरीला मुलगी झाली. बाप म्हणतो, नाव 'दराजा' ठेवू — पूल. मी म्हटलं, आठवडाभर थांब, उतरेल खूळ.

९ मे

धक्क्यावर दागा आणायला गेले होते. नणंदेने — कुल्वाने — वाळलेले मासे पिशवीत भरताना सगळ्यांदेखत ऐकवलं, "घ्या वहिनी, घेऊन ठेवा. तुमचा पूल सुरू झाला की आम्ही काय आकाशात मासे तळणार?" बाकीच्या हसल्या. चहावाली, चपातीवाली, टोपलीत केळी घेऊन बसणारी — सगळ्यांचं पोट बोटीची वाट बघणाऱ्या माणसांवर. बोट उशिरा आली की यांची कढई जोरात.

'तुमचा पूल.' म्हणजे माझा. मी एकटीने बांधला जसा काही.

मी पैसे पुढे केले. तिने पैसे घेताना नेहमीसारखे मूठभर मासे वर टाकले. म्हणजे रागावली आहे की नाही?

१४ मे

माझा पूल म्हणते ते अगदीच खोटं नाही. न्गोलो बाळंतपणात गेली त्या वर्षी मीच पहिल्यांदा जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसले होते. न्गोलोचं मूल आडवं होतं. पलीकडच्या हॉस्पिटलात नेणं भाग होतं आणि बोट बंद — इंजिनाचा एक भाग बंदरावर कस्टममध्ये अडकलेला. परकीय चलन नाही म्हणून आधी तो मागवता येत नव्हता, आला तर सोडवता येत नव्हता. मालिमी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखून इंजिनाशी झटत होता आणि मी धक्क्यावर न्गोलोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती तिथेच गेली. कुल्वाच्या कढईपासून हाताच्या अंतरावर.

मालिमीला मी त्यावरून एका शब्दाने बोलले नाही. बोटीला मात्र शिव्या दिल्या. रोज. ती येताना दिसली की मनात सुरू व्हायचं.

मग दर वर्षी जिल्ह्याला चकरा. कचेरीतला शिपाई मला 'पूलवाली' म्हणायचा. पूल काही माझ्यामुळे झाला नाही, हे मला कळतं. तांब्याच्या खाणीतले ट्रक जायचे आहेत त्याच्यावरून. तरीही.

२३ मे

डॉ. काइजागे आले होते. जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी. माणूस चांगला आहे — दमलेला आहे, पण चांगला. उभ्या उभ्या चहा घेतला आणि सांगून टाकलं. पूल सुरू झाला की किसाव्याचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद. खाटा, उपकरणं, सोलरचा फ्रीज पलीकडे हॉस्पिटलात. इथे फक्त दवाखाना राहील — ताप, जखमा, लसी. आमची नवीन नर्स सांभाळेल. मला पलीकडे घेणार, पगार वाढवून.

मी म्हटलं, आणि बाया?

"सिस्टर मिलेंबे, बाया पुलावरून येतील. तिथे ऑपरेशनची सोय आहे, रक्त आहे, रात्रंदिवस डॉक्टर आहे. दोन अर्धवट जागा चालवण्यापेक्षा एक धड चालवतो. सरकारकडे दोन्हीला पुरेल एवढं नाही."

कुठे चुकताहेत ते सापडेना. शब्दन् शब्द बरोबर.

जाताना म्हणाले, "तुम्हीच तर मागत होतात."

हो. मीच मागत होते. मी हे मागत होते का?

२४ मे

दिवसभर तेच. त्यांचं बरोबर आहे. मग मी वॉर्डातल्या खाटा दोनदा का मोजल्या?

३० मे

गावसभा. अध्यक्ष सिट्टा लुहेंडे यांनी वॉर्डाचं एका वाक्यात उरकलं आणि पुलाच्या उद्घाटनावर बराच वेळ बोलले. लोकांना विचारायचं होतं ते वेगळंच. बस कुठे थांबणार? पुलाच्या तोंडाशी दुकान टाकू देतील का? खांब आलेत तर वीज घरात कधी? विजेचं अध्यक्षांना माहीत नव्हतं, बसचं रस्तेवाल्यांना माहीत, दुकानांचं पोलिसांना. प्रत्येक उत्तर दुसऱ्या कुणाकडे तरी.

डोंगराकडच्या वस्तीवरच्या बाया मागे बसल्या होत्या. त्यातली न्यामिझी — तिला पाचवा महिना संपत आलाय, तरी उतरून आली होती — तिने मला हळूच विचारलं, "सिस्टर, पुलावरून जायला गाडी कुणाची?" मी म्हटलं, बस असेल, भाड्याची मोटरसायकल असेल. तिने मान हलवली. समजल्यासारखी नाही. मोठ्यांपुढे हलवतात तशी.

पुलाच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, तेच ठरेना.

८ जून

मालिमी बोटीला रंग देतोय. पांढरा, आणि कडेला निळा पट्टा. स्वतःच्या पैशाने डबे आणले. मी विचारलं, दहा दिवसांनी बंद होणार ना? "हो." मग रंग कशाला? "गंज धरलाय."

बोटीचं काय करणार ते कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं मोडीत काढणार, कुणी म्हणतं कुठल्या तरी मंत्र्याने हॉटेलासाठी मागितली. मालिमीचं काय करणार तेही नाही. त्याला पुलाच्या नाक्यावर रखवालदार होशील का विचारलं म्हणे. त्याने काय उत्तर दिलं ते मला कुल्वाकडून कळलं — ब्रश बुडवून पुढचं रंगवायला घेतलं.

१९ जून

उद्घाटन झालं. पुलाचं चित्र छापलेले कांगे — अंगाला गुंडाळायची कापडं — सगळ्या बायकांना वाटले. मीही नेसले. राजधानीहून मोठे लोक, गाड्यांची रांग, पोरांची गाणी, सोड्याच्या बाटल्या. एक मंत्री बोलले. आवाज छान होता. "या बोटीने तुम्हाला आयुष्यभर वाट पाहायला लावलं. आता वाट पाहणं संपलं!"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या असतील. डोळ्यांसमोर न्गोलो होती. मग पाहिलं तर बोटीवरचे खलाशी आमच्या समोरच्याच मांडवात, नव्या शर्टात बसवलेले. मालिमी माझ्याकडे बघत होता. माझ्या हातांकडे.

हात खाली घ्यावेत की वाजवत राहावं कळेना. वाजवत राहिले, पण हळू.

नंतर सगळे पुलावर चालत गेले. मालिमी गेला नाही. घरी आला, शर्ट काढून त्याची घडी घातली.

२१ जून

पुलावरचे दिवे अंधार पडायच्या आतच लागतात. इतके, की आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर उजेड पडतो. आमच्याकडे बॅटरी. आज टाके घालताना पुलाच्या उजेडाचा उपयोग झाला! खोटं कशाला लिहू.

२६ जून

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे. वॉर्डातल्या काबुलाला दुपारी रक्तस्राव सुरू झाला. थांबेना. अध्यक्षांच्या पिकअपमध्ये घातली, मी मागे बसून पोट दाबत राहिले, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात आम्ही पलीकडे! पलीकडे! डॉक्टर दारात उभे. रक्त चढलं. काबुला जगली, मूल जगलं. बोटीच्या दिवसांत ती धक्क्यावरच गेली असती. यात शंका नाही.

परत येताना पुलाच्या मधोमध पिकअप थांबवायला सांगितली. उतरले. खाली बोट बांधलेली दिसली, खेळण्याएवढी. मी कठड्याला हात लावून उभी राहिले. आभार मानावेत असं वाटलं, पण कुणाचे? लोखंडाचे?

घरी मालिमीला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "चांगलं झालं, शिजाची आई." आमच्या शिजाच्या नावाने हाक मारतो तो मला. मनापासून म्हणाला. मग उठून बाहेर गेला.

१ जुलै

ट्रक आला आणि खाटा गेल्या. फ्रीज गेला. नवजात बाळाला श्वास द्यायची पिशवी टेबलावर होती, तीही खोक्यात घातली. ट्रकवरची पोरं म्हणाली, यादीत आहे. मी दिली. सप्टेंबरपासून मला तिकडे हजर व्हायचंय, तोवर इथे लसी टोचायच्या.

फरशीवर खाटांच्या पायांचे डाग राहिलेत. घासले. जात नाहीत.

१२ जुलै

कुल्वाने कढई पुलाच्या तोंडाशी हलवली. पोलिसांनी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा तळणाची टोपलीच लाथेने उलटी केली. गाड्या तर थांबतच नाहीत, म्हणते. सुसाट निघून जातात, वास घ्यायलाही थांबत नाहीत. माझ्याकडे हात भाजला म्हणून आली होती. मलम लावताना मला वाटलं आता ऐकवेल. ऐकवलं नाही. "वहिनी, तू पलीकडे जाशील तेव्हा तिथल्या फाटकाशी बसायला जागा मिळेल का बघ," एवढंच.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२५ जुलै

पेट्रोल नाही. पंपावर दोरी बांधून ठेवलीय. रेडिओवर सांगतात जहाज बंदरात आलंय, पैसे डॉलरमध्ये द्यायचेत, डॉलर नाहीत, पण काळजीचं कारण नाही. मोटरसायकली झाडाखाली ओळीने उभ्या आणि पोरं त्यांच्यावर आडवी. बस परवापासून आली नाही. तांब्याचे ट्रक मात्र जाताहेत — त्यांचं डिझेल ते बरोबर घेऊन येतात.

पूल रिकामा. असा रिकामा पहिल्यांदाच पाहिला. फार मोठा दिसतो.

३० जुलै

कालचं लिहिते.

न्यामिझी सकाळी आली. डोंगरावरून चालत, दिराच्या खांद्यावर हात ठेवून. दिवस भरले नव्हते, दोन महिने बाकी होते. पाणी गेलं होतं. वॉर्डाच्या दाराला कुलूप बघून ती तिथेच ओट्यावर बसली. मी किल्ली आणली, दार उघडलं — आत काय, फरशी. तपासलं. मूल पायाळू. पलीकडे नेणं भाग.

हॉस्पिटलला फोन केला. त्यांची गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली, यायला वेळ लागेल, तुम्हीच आणा म्हणाले. अध्यक्षांची पिकअप कोरडी. त्यांनी टाकीचं झाकण उघडून दाखवलं, जशी काही मी खोटं समजणार होते. बोट तिथेच बांधलेली, पण तिचं डिझेल काढून नेलेलं आणि किल्ली जिल्ह्याला. नव्या नर्सला रस्त्यावर पाठवलं, ट्रक थांबव म्हणून. एकही थांबला नाही.

मग मालिमी कोळशाची हातगाडी घेऊन आला. कुणाला न विचारता. वर आमची गादी टाकलेली. न्यामिझीला उचलून ठेवली, स्वतः दांडी धरली आणि चालायला लागला. कुल्वा मागून ढकलत होती, भाजलेल्या हाताने. मी बाजूने. पुलावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मालिमीने आजवर पुलावर पाऊल ठेवलं नव्हतं. तो खाली बघून ओढत होता.

पूल चढाचा आहे. गाडीतून कधी कळत नाही.

अर्ध्यावर न्यामिझी ओरडली. थांबावं लागलं. कुल्वाने कांगा सोडून आडोसा धरला — तोच, पुलाच्या चित्राचा. मूल आलं. मुलगा. रडला नाही. पिशवी नव्हती. मी तोंडाने श्वास दिला. देत राहिले. छाती एवढीशी, माझ्या दोन बोटांखाली मावत होती. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवेपर्यंत देत राहिले. मालिमीचा हात होता. "शिजाची आई, आता तिच्याकडे बघ."

तिला रक्त जात होतं. पोट दाबून धरलं. पलीकडून हॉस्पिटलची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पळत येताना दिसली. न्यामिझी वाचली.

मुलाला कुल्वाने कांग्यात गुंडाळलं. एक ट्रक गेला, सगळा पूल थरथरला.

३१ जुलै

काही नाही.

२ ऑगस्ट

न्गोलो गेली तेव्हा मला माहीत होतं कुणाला शिव्या द्यायच्या. इतकी वर्षं दोष द्यायला बोट होती. आता कुणाला? डॉक्टर काइजागेंना? त्यांचं सगळं बरोबर होतं. पुलाला? काबुला जिवंत आहे. पेट्रोलला, डॉलरला? ते कुठे राहतात? सरकारला म्हणावं तर त्याच्या हाताचं एक लहानसं बोट मीच आहे — पिशवी मीच खोक्यात ठेवू दिली.

की मलाच? मी मागितला म्हणून वॉर्ड गेला. वॉर्ड असता तर पिशवी असती. पण पूल नसता तर काबुला... डोकं तिथेच गरगरतं आणि परत पहिल्या जागी येतं.

आज चहा घेताना हे सगळं मालिमीसमोर बोलून गेले. बोट चालू असती तर न्यामिझीला तू पोचवली असतीस, असंही म्हटलं. पहिल्यांदाच बोटीच्या बाजूने बोलले आयुष्यात! त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नसती पोचवली. त्या दिवशी वारा वाईट होता. लाटा उसळत होत्या. मी बोट सोडलीच नसती."

असेल. मला वारा आठवत नाही. मला त्या सकाळचं काहीच आठवत नाही, ती छाती सोडून.

त्याने तसं सांगितल्यावर जरा झोप लागली.

६ ऑगस्ट

डॉ. काइजागे आले. बसले या वेळी. किसाव्यासाठी एक गाडी देणार — जुनी आहे, पण इथेच उभी राहील, आणि टाकीत राखीव डिझेल. पिशवी आणि एक खाटही परत. नवी नर्स बाळंतपणाचं शिकून येणार. हे सगळं आधी करायला हवं होतं, असं ते स्वतःच म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांचे डोळे बघून पाणी दिलं.

बोटीचाही हुकूम निघालाय. दक्षिणेकडच्या एका बेटावर जाणार, तिथे आजवर होडीशिवाय काही नाही. मालिमीला विचारलं, त्याने हो म्हटलं. शनिवारी निघायचं. बेटावर दवाखान्याची इमारत आहे, पण कोणी नर्स टिकत नाही, असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, सहज.

मालिमी मला म्हणाला, "तू पलीकडे हजर हो. पगार चांगला आहे. मी सुट्टीला येईन." मी बरं म्हटलं. बरं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक नाही.

९ ऑगस्ट

बाजारात डोटो भेटला, जाळी टाकतो तो. न्यामिझीची चौकशी केली. म्हणाला, "त्या सकाळी मी पुलाखालीच होतो, सिस्टर. तुमचा सगळा आवाज खाली येत होता. तळं इतकं निवांत होतं — वारा असा नव्हताच."

घरी आले. मालिमी ट्रंक भरत होता. मी कपाट उघडलं. त्याच्या शर्टांवर माझे दोन युनिफॉर्म ठेवले. त्याने पाहिलं, आणि माझ्या चपलांना जागा व्हावी म्हणून सामान जरा सरकवलं.